घरातलं चौथं माणूस

"आजी, तुमच्या घरात चौथं कोण राहतं?"

तडवी मॅडमनं हे विचारलं तेव्हा माझे हात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठात होते. तालुक्याच्या ऑफिसातून आलेली पोर, ओढणी सावरून स्वैपाकघराच्या दाराशी उभी, हातात ती पाटीसारखी काच. मला वाटलं चेष्टा करते. मी म्हटलं, चौथा देव. देव्हाऱ्यात राहतो आणि भाडं देत नाही.

ती हसली नाही.

"देवाला वजन नसतं, आजी. ह्या माणसाला वजन आहे. तुम्ही बाहेर पडलात की ते तुमच्या स्वैपाकघरात फिरतं." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आणि त्याला पाय नाहीत."

पिठातले हात पिठातच राहिले.

मी द्वारका झांबरे. यावल तालुक्यात आमचं गाव आहे, चारी बाजूंनी केळीच्या बागा. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. पण माझ्या हातचं खाल्लेला माणूस परत आला नाही असं झालेलं नाही. घरात आम्ही तिघं. मी, माझा लोकेश आणि सून हर्षाली. लोकेश बागांवर फवारणीची ड्रोन उडवतो. हर्षाली केळी पिकवायच्या थंड खोल्यांवर कामाला होती. दार उघडून नुसता वास घ्यायची आणि सांगायची, ह्या खोलीतली केळी उद्या काढा, त्या खोलीतली परवा. तिथलं मशीन चुकायचं, ती नाही. मग लोकेशच्या गाडीवरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून ती पुढच्या खोलीत खाटेवर. तिची चाकाची खुर्ची आहे, पण ती पुढच्या खोलीपुरती. स्वैपाकघर एक पायरी वर, दार अरुंद, आणि न्हाणी स्वैपाकघराच्या पलीकडे. सकाळी लोकेश तिला उचलून न्हाणीत नेतो, बाकी दिवसभराचं सगळं मी खाटेवर करते. तिच्या पाठीला आजवर एक फोड आलेला नाही. डॉक्टर दुसऱ्या बायकांना माझं नाव सांगतात, जा, झांबरेबाईंना विचारा.

पण माझं वय झालं आणि लोकेशची कंबर धरली. म्हणून सरकारकडे अर्ज केला, पुढच्या खोलीला लागून न्हाणी बांधून द्या. अपंगाचं घर त्याच्या सोयीचं करायला पैसे मिळतात. आधी कागदावर मिळायचे. लोक उतार बांधायला म्हणून घ्यायचे आणि त्या उतारावरून मोटारसायकल ओसरीत चढवायचे. अपंग माणूस आपला होता तिथंच. म्हणून सरकारनं आता कागद बाजूला ठेवला आणि भुईकान आणले.

भुईकान म्हणजे बत्ताशाएवढी चकती. भिंतीच्या पायाशी चिकटवतात, प्रत्येक खोलीत. त्यात कॅमेरा नाही, बोलणं त्याला कळत नाही, न्हाणीत लावला तरी अब्रूला धक्का नाही. तडवी मॅडमनं मला नीट समजावलं होतं. माणूस पाऊल टाकतं तेव्हा फरशी थरथरते, डोळ्याला दिसणार नाही इतकी. कोणाची टाच आधी पडते, कोणी एक पाय ओढतं, कोणी भिंतीला हात लावून वजन टाकतं. दोन माणसांची थरथर सारखी नसते. भुईकान ती ऐकतात आणि ऑफिसातलं मशीन शिकतं की ही द्वारकाबाई, हा लोकेश. मग कुठं माणूस थबकलं, कुठं दम घेतला, कुठं दोनदा प्रयत्न केला, हे जोडून ते घराचा नकाशा काढतं. घर माणसाला जिथं अडवतं तिथं नकाशा लाल होतो. लाल असेल तिथं पैसा. अर्जात तुम्ही काय लिहिलंत, त्याला मशीन विचारत नाही.

मशीनला ओळख व्हावी म्हणून आम्हाला एकेकाला खोलीत चालून दाखवायला लावलं होतं. मी चालले तर म्हणे उजवा गुडघा झिजलाय. मी म्हटलं, गुडघा माझा आहे, तो अर्जात नाही. मग लोकेश चालला. मग तडवी मॅडम हर्षालीकडे वळली, म्हणाली, तुम्ही जशा हलता तशा हलून दाखवा. मीच मध्ये पडले. म्हटलं, ती हलत नाही. मी आहे तोवर तिला हलायची गरज नाही. लिहा, खाट आणि खुर्ची. हर्षाली खिडकीकडे बघत राहिली. पोरीनं तसंच लिहिलं.

आणि आता ती मला चौथं माणूस दाखवत होती. काचेवर आमच्या घराचा नकाशा. मी भगव्या ठिपक्यानं फिरत होते, लोकेश निळ्या. भगवा ठिपका दाराबाहेर गेला की जरा वेळानं स्वैपाकघराच्या पायरीशी एक करडा ठिपका उगवायचा. कुठून आला ते कळत नव्हतं, कारण पुढच्या खोलीत जाड सतरंजी, तिच्यावरून काही गेलं तर भुईकानाला नीट ऐकू येत नाही. पायरीवर तो बराच वेळ अडायचा. मग घासत घासत शेगडीच्या ओट्याखाली जायचा. मग जिथं मी स्वैपाकाची भांडी उतरवून ठेवते तिथं. मग परत पायरी. मग नाही.

आणि हे रोज चालू होतं.

"जनावर असेल," मी म्हटलं. "मुंगूस."

"एवढं मोठं मुंगूस नसतं, आजी." मग म्हणाली, नोंद नसलेलं माणूस घरात राहत असेल तर अर्ज रद्द होतो, तसा नियमच आहे. पुढच्या आठवड्यात मला लिहून द्यावं लागेल. त्याच्या आत तुम्ही शोधा. हे सगळं ती माझ्याशी बोलत होती, पण जरा मोठ्यानं, पुढच्या खोलीत ऐकू जाईल असं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

लोकेशनं माळा बघितला, परसातलं लाकडाचं खोपटं बघितलं. मी कुलूप बदललं. हर्षालीला विचारलं, तू दिवसभर इथंच असतेस, काही खुडबुड ऐकलीस का. ती म्हणाली, नाही आई. तोंडावर काही दिसलं नाही.

माझं रोजचं असं असतं. सकाळी लोकेश बागांवर गेला की स्वैपाक करायचा, भांडी खाली उतरवून पाटावर झाकून ठेवायची, घरच्या देवापुढं निरांजन लावायचं, ते ताटात घेऊन पदराआड मारुतीला जायचं. परत आले की देवाला नैवेद्य, मग माणसांना. देवाच्या आधी कोणी चाखायचं नाही. माझ्या सासूनं मला कधी चमच्याला जीभ लावू दिली नाही आणि मी कोणाला लावू दिली नाही. मीठ हातानं कळतं, शिजलं का ते रंगावरून कळतं. ज्याला चाखून बघावं लागतं त्याला स्वैपाक येत नाही, असं मी आमच्या गल्लीत भर पंगतीत बोललेली आहे.

फक्त हल्ली मालच चांगला मिळत नाही. त्या वर्षात मी हिंगवाल्याला दोनदा झापलं होतं, डब्यात नुसतं पीठ भरतोस का म्हणून. उदबत्त्यांचा पुडा दुकानदाराच्या अंगावर परत टाकला होता. बामणोदची वांगी भाजली तरी पूर्वीसारखा घमघमाट सुटत नव्हता. शेजारची कुसुम म्हणाली, अगं, मला तर अख्खी गल्लीभर येतोय वास. मी म्हटलं, तुला काय, तुला शेणाचाही येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वैपाक उरकला. निरांजन लावलं, ताट घेतलं, पुढचं दार जोरात ओढलं आणि मारुतीकडे न जाता बोळातून वळसा घालून परसात आले. स्वैपाकघराच्या मागच्या दाराला फट आहे, तिला डोळा लावला.

आधी पायरीवर दोन हात दिसले.

मग डोकं. मग ती पाठमोरी झाली, पायरीला टेकली, हात मागं रोवले आणि कंबर वर उचलली. पहिल्यांदा जमलं नाही. घसरली. थांबली. पुन्हा उचलली. वर आल्यावर हातानं एकेक पाय उचलून आत घेतला, दुसऱ्याचं सामान घ्यावं तसा. खाली घडी केलेलं गोणपाट होतं. त्यावर बसून दोन्ही हातांनी फरशीला रेटा देत ती पुढं सरकली. घासत घासत. भुईकानानं जसं दाखवलं होतं तसंच.

माझी सून. जिला मी पाण्याचा पेला उचलू दिला नाही ती.

ती थेट ओट्याखाली गेली आणि सिलिंडरचं बटण फिरवून बंद केलं. मी रोज परत आले की ते बंदच असायचं आणि मला वाटायचं की मीच करून गेले. मग ती भांड्यांकडे वळली. वरणावरचं झाकण काढलं. चमचा बुडवला आणि तोंडात घातला. देव्हाऱ्यासमोर, देवाच्या आधी. क्षणभर डोळे मिटले. मग खालच्या फळीवरचा मिठाचा डबा ओढला, चिमूट टाकली, ढवळलं, पुन्हा चाखलं.

मी मागचं दार ढकललं. हातात ताट, ताटात निरांजन.

तिनं वर पाहिलं ते माझ्या तोंडाकडे नाही. दिव्याकडे.

"आई, आत येऊ नका. दिवा बाहेर."

मला माझ्या स्वैपाकघरात येऊ नको म्हणते. माझ्या तोंडून निघालं, "देवाचं उष्टं केलंस." ती हातांवर सरकत आली कशी, एवढी ताकद आली कुठून, हे काहीच नाही. पहिलं तेच निघालं.

"केलं. वर्षभर करतेय. आधी दिवा बाहेर ठेवा, गॅस सुटलाय."

"कुठं सुटलाय? मला वास आला नसता?"

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि ते बघणं मी आयुष्यात विसरणार नाही, कारण ती घाबरलेली नव्हती आणि चिडलेलीही नव्हती. डॉक्टर वाईट सांगण्याआधी बघतो तसं बघत होती.

मी ताट बाहेर धुण्याच्या दगडावर ठेवलं. दिवा विझवला. परत येऊन उंबऱ्यात उभी राहिले आणि खोल श्वास घेतला. काहीच नव्हतं. उघड्या शेतात उभं राहिल्यासारखी स्वच्छ हवा. माझ्यासमोर हर्षाली पदराचा बोळा नाकाला लावून खोकत होती.

वरण उतू गेलं होतं आणि ज्योत विझली होती. ज्योत दिसत नाही म्हणजे शेगडी बंद, असं धरून मी भांडं उतरवलं होतं. गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, भुईवर साचतो. उभ्या माणसाला उशिरा कळतो, भुईवर बसलेल्याला आधी. माझ्या घरात भुईवर असणारं एकच माणूस होतं, आणि ते हलत नाही असं मी सरकारला लिहून दिलं होतं.

दारं उघडली, सुपानं वारा घातला. मग मी तिला म्हटलं, जा, जाऊन खाटेवर बस. ती तशीच घासत गेली. पायरी उतरताना मी हात दिला नाही.

ती गेल्यावर मी हिंगाचा डबा उघडला. नाक आत घातलं, अगदी पिठाला टेकेपर्यंत. काही नाही. लवंग चावली. जिभेला झोंबली, वास नाही. लसूण ठेचला. धुण्याचा साबण घेतला. मग देवापुढची उदबत्ती पेटवून नाकापाशी धरली, धुरानं डोळ्यांतून पाणी आलं, पण चंदन आलं नाही. मिठाचा खडा जिभेवर ठेवला तर कुठूनतरी लांबून खारट लागलं, जुनी ओळख असलेलं माणूस रस्त्यात ओळख न देता जातं तसं. मी स्वैपाकघराच्या मधोमध उघड्या डब्यांच्या मध्ये बसले होते आणि माझ्यासाठी सगळे डबे सारखे होते.

हिंगवाला बिचारा चांगला हिंग देत होता.

संध्याकाळी लोकेशला समोर बसवला. म्हटलं, खरं बोल. तो आधी नखं बघत राहिला. मग म्हणाला, दीड वर्षापूर्वी गावात ती तापाची साथ आली, तुला आलेला ताप, त्याच्यानंतर सुरू झालं. कधी वरणात मीठच नाही, कधी दोनदा. एकदा नासलेलं दूध चहात होतं. आम्ही प्यायलो.

"मग बोलला का नाहीस?"

"तुला कोण सांगणार, माय?"

एवढंच म्हणाला. मग म्हणाला, पुढं आपोआप नीट झालं, मला वाटलं तू बरी झालीस. हर्षाली खाटेवरून म्हणाली, आपोआप नाही झालं. तेव्हा त्याला कळलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. तिनं हात पुढं केले. तळव्यांना घट्टे पडले होते. मी रोज तिची पाठ बघत होते, पाठीला फोड नाही म्हणून गावभर सांगत होते. तळवे मी उलटून बघितले नव्हते.

पहिल्यांदा गॅस सुटला तेव्हा ती घाबरून खाटेवरून पडली आणि पडल्यावर कळलं की सरकता येतं. त्या दिवशी बटण बंद केलं, परत गेली आणि खाटेवर चढायला इतका वेळ लागला की मी दारात आले तेव्हा तिनं नुकतीच चादर ओढली होती. मग रोजच जायला लागली. मला का सांगितलं नाही, विचारलं, तर म्हणाली, तुम्ही मला खाटेला बांधून ठेवलं असतं आणि स्वैपाक तसाच केला असता. खोटं बोलली नाही. तेच केलं असतं.

तडवी मॅडम आली तेव्हा मी चहा ठेवला. म्हटलं, घे, चौथं माणूस सापडलं. तिनं आश्चर्य दाखवलं नाही. ती आधीच ओळखून होती, मला सापडायची वाट बघत होती. तिनं सतरंजी गुंडाळायला लावली आणि हर्षालीला पुन्हा ओळख द्यायला लावली. हर्षाली गोणपाटावर बसून खोलीभर सरकली. ह्या वेळी खिडकीकडे नाही, पुढं बघून. काचेवरच्या करड्या ठिपक्याला रंग आला आणि खाली नाव आलं. मग मशीननं सगळे दिवस पुन्हा मोजून नकाशा काढला. पुढची खोली पांढरी. न्हाणी थोडी गुलाबी. स्वैपाकघराची पायरी आणि ओटा लालभडक.

आणि माझ्या नाकाचं? मी विचारलं. ती म्हणाली, आजी, नाकाच्या आत वर केसासारखे बारीक तंतू असतात, वास मेंदूकडे नेणारे. काही तापांत ते जळतात. कोणाचे परत येतात, कोणाचे नाही. त्याला अजून मशीन नाही.

लोकेशला न्हाणी हवी होती. मलाही. मॅडम म्हणाली, पैसे एकाच कामाचे मिळतील, आणि ते लाल असेल तिथलेच. पायरी फोडली, दार रुंद केलं, तर खुर्ची स्वैपाकघरातून पलीकडे न्हाणीपर्यंतही जाईल, तिथं धरायला दांडा तुम्ही लावून घ्या. पण आधी, असं म्हणून ती हर्षालीकडे वळली, तुम्हाला काय हवंय ते सांगा. मी विचार केला, अर्ज होऊन एवढे दिवस झाले, हे तिला विचारलं कोणी? मी तर नाहीच.

हर्षालीनं वेळ लावला नाही.

"ओटा खाली घ्या. खुर्ची खाली शिरेल इतका. शेगडीच्या कळांना माझा हात पुरला पाहिजे."

मी उठून परसात गेले. तो ओटा माझ्या कोपराला माप लावून घडवलेला. गवंड्याला मी समोर उभी करून कडाप्पा बसवून घेतला होता. तो खाली आला म्हणजे मला तिथं उभं राहून काम करता येणार नाही. मला बसावं लागेल. माझ्या स्वैपाकघरात मी बसून, सुनेच्या मापाच्या ओट्यावर. परसातून मी ओरडून सांगितलं, ओट्याला हात लावायचा नाही, अर्ज परत घेतला.

मॅडम गेली. जाताना म्हणाली, महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. त्यानंतर पैसे दुसऱ्या घराला जातील.

लोकेशनं गॅसची घंटी आणून ओट्याखाली बसवली. गळती झाली की वाजते. म्हणजे तो प्रश्न सुटला, असं मी म्हटलं. मिठाची घंटी अजून कोणी काढलेली नाही, ते मी बोलले नाही. हर्षालीला सांगितलं, खाटेवरून हलायचं नाही, मी बघते.

आणि मी बघितलं. त्या दिवशी अगदी लक्ष देऊन स्वैपाक केला. मीठ एकदाच टाकलं, टाकल्यावर डबा वर ठेवला. मसाला मोजून. कधी नव्हे ते नैवेद्यानंतर स्वतः चाखून बघितलं. ऊन होतं, मऊ होतं, एवढंच कळलं. मग दोघांना वाढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

लोकेशनं घास घेतला. थांबला. गिळला. पाण्याचा पेला उचलला. म्हटलं, कसं झालंय? म्हणाला, छान. हर्षालीनं भाकरी जरा जास्त मोडून घेतली. तिखट जास्त होतं की तेल खवट होतं की काय होतं, मला आजपर्यंत माहीत नाही. ज्या बाईनं पंगतीच्या पंगती उठवल्या ती मुलाच्या घशाची गाठ बघत बसली होती, वर गेली की खाली गेली. मी ताट पुढं ओढलं आणि जेवले. सगळं. त्यातलं काही कळलं नाही.

भांडी घासून झाल्यावर मी हर्षालीच्या खाटेवर बसले. तिच्या हाताचे तळवे उलटे केले, त्यावर तेल लावलं. मग मी म्हटलं, "ओट्यावर काळा दगडच पाहिजे. ती पांढरी फरशी मला चालणार नाही, हळदीचा डाग पडतो."

ती म्हणाली, "काळाच, आई."

महिना संपायच्या आत गवंडी आला. पायरी फुटली, दार रुंद झालं, ओटा खाली आला. फोडताना मी घरात थांबले नाही, कुसुमकडे जाऊन बसले आणि तिच्या भाजणीला नावं ठेवली. परत आले तर माझ्या स्वैपाकघरात हर्षाली खुर्चीवर बसली होती, गुडघे ओट्याखाली, हात शेगडीच्या कळांवर. बाहेरून आल्यावर एकदम ते दिसलं. राग होता. थोडा राग होता, तो लपवत नाही. मग मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले. गुडघ्याला बरं वाटलं. मशीननं गुडघ्याचं बरोबर सांगितलं होतं, पण हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

थंडीत आमच्याकडे भरीत होतं. गल्लीच्या बायका, त्यांची पोरं, परसात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडजीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, ठेचायची, कांद्याची पात, लसूण, मिरची. आमचा देव कांद्याला नाही म्हणत नाही, त्यालाही ताट असतं. त्या दिवशी तडवी मॅडमलाही बोलावलं होतं, भुईकान काढून न्यायला आलीच होती. सगळ्या बायका स्वैपाकघरात नवीन ओटा बघायला दाटल्या होत्या. कुसुम म्हणाली, काय बाई, ओटा बुटका केला, आता द्वारकाबाई बसून राज्य करणार.

मी भरिताला फोडणी दिली. मीठ टाकलं. हात थांबला. सगळ्या बघत होत्या. देवाचं ताट अजून रिकामं होतं.

मी चमचाभर भरीत काढलं, फुंकलं आणि हर्षालीपुढं धरलं.

"चाख."

कुसुम म्हणाली, अगं, देवाच्या आधी?

"देवाला सवय आहे," मी म्हटलं. "वर्षभर तेच जेवतोय. एकदाही ताट परत पाठवलं नाही त्यानं."

हर्षालीनं माझ्याकडे पाहिलं. मग चमचा घेतला. डोळे मिटले, त्या दिवशी फटीतून बघितले होते तसेच. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि गल्ली माझ्या तोंडाकडे. एक हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळ्यांसमोर हो म्हणून नंतर गुपचूप चिमूट टाकता आली असती, तिला ती कला येत होती.

"मीठ कमी आहे, आई."

कोणीतरी श्वास आत ओढला. बहुतेक कुसुम.

मी मिठाचा डबा तिच्या पुढ्यात सरकवला. "मग टाक की. माझ्याकडं काय बघतेस."